महानंदाक्कांचे खडे

मंगळवार पेठेत महानंदाक्कांच्या घरी गेलं की चहाच्या आधी हातात खडा यायचा. तुम्ही खुर्चीवर टेकता न टेकता तोच आक्का आतून यायच्या, तुमची डावी मूठ उलगडायच्या आणि तळव्यावर एक गार दगड ठेवायच्या. "धरा. गरम झाला की सांगा," एवढं बोलून परत स्वयंपाकघरात. तो गरम झाल्याचं सांगितलं की मग चहा. यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा टेलिफोन दुरुस्त करायला आलेला माणूस एका हातात खडा आणि दुसऱ्या हातात रिसीव्हर धरून खांबावर चढलेल्या जोडीदाराशी बोलताना मी स्वतः पाहिला आहे. आक्कांचे यजमान अप्पा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले असत. नवा माणूस आला की ते पेपर खाली न घेता विचारायचे, "दगूड घावला का?"

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन गावी नाशिककडे आलो. पण त्या खड्यांवर आक्कांचा स्वतःचा किती विश्वास होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता.

तो दिवस नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा. बदली होऊन मी कोल्हापूरला नवीनच आलो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हशी, शेरडं, कुत्री यांच्या गर्दीतून पन्नाशीची एक ठेंगणी बाई वेताची टोपली घेऊन आली. कपाळावर विभूतीच्या रेघा, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. टोपलीत गव्हाणी घुबड होतं. पतंगाच्या मांज्यानं त्याचा पंख खोलवर कापला होता, आणि त्याच्या शेजारी कापडावर सुपारीएवढा एक जांभळा खडा ठेवला होता.

मी मदतनीस ड्रेसरला घुबड धरायला सांगितलं. तो दोन पावलं मागं सरला. "सायेब, घुबडाला हात लावायचा न्हाय मी. घरात बाळंतीण हाय."

मी चिडणार तेवढ्यात बाईंनी तो जांभळा खडा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हे धर. गरम होऊस्तोवर गप उभा ऱ्हा. मग घुबडाला हात लाव, काय होत न्हाय." ड्रेसर खडा मुठीत धरून उभा राहिला. मिनिटभरानं त्यानं तो खिशात टाकला आणि घुबडाचे पाय अगदी हळुवार हातानं धरले. मी टाके घातले.

काम झाल्यावर मी बाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की हे बरं नाही. एका अंधश्रद्धेवर तुम्ही दुसरी अंधश्रद्धा चढवलीत.

"मग तुमी सांगा की त्येला, घुबड वंगाळ नसतंय म्हणून," त्या म्हणाल्या. "ऐकंल?"

"आज नाही ऐकणार. हळूहळू ऐकेल."

"व्हय. पर घुबड हळूहळू थांबत न्हाय की, डॉक्टर."

महिनाभरानं त्या घुबडाला आम्ही त्यांच्याच गच्चीवरून दिवेलागणीला सोडलं. ते उडून समोरच्या चिंचेवर बसलं. मी जरा छाती फुगवून विचारलं, "काय आक्का, टाक्यांनी बरं झालं की खड्यानं?"

"घुबडाला इचारा," आक्का म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

आक्कांचं माहेर गडहिंग्लज तालुक्यात, नेसरीच्या बाजूला. तिथून कर्नाटक जवळ, त्यामुळं घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला त्या सहा महिन्यांतच 'तम्मा' म्हणायला लागल्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आणि कोल्हापूरच्या बायकांसारखंच त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असं बोलायच्या. मला नाशिककराला त्याची सवय व्हायला वर्ष गेलं. अप्पांचं धान्याचं दुकान होतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेल्यावर घर रिकामं झालं, आक्कांची झोप गेली, खांदा धरला. तेव्हा शहरात रेकी, चुंबक आणि पिरॅमिडच्या टोप्या यांची लाट आली होती. शेजारणीबरोबर आक्का एका हॉलमध्ये स्फटिकांच्या शिबिराला गेल्या. पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ सांगत होता, की या स्फटिकात हिमालयाची ऊर्जा साठलेली आहे. आक्का उभ्या राहिल्या. "हे दगूड आमच्या म्हायेरात हिरीत निघत्यात. पायाला टोचत्यात म्हणून आमी गावाभाईर टाकून देतोय. मग आमच्या हिरीत बी हिमालय हाय का?"

हॉल हसला. गृहस्थ गोंधळला. पण आक्का बसून राहिल्या आणि सांगितल्याप्रमाणे खडा तासभर हातात धरला. "तम्मा, तासभर माझ्या डोस्क्यात कोन बोललं न्हाय," त्यांनी मला पुढं सांगितलं. "दोन वर्सात पैल्यांदा."

हातावर दगड घेऊन शांत बसणं त्यांना नवीन नव्हतं. रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करणारं त्यांचं लिंगायत घर. पण मी एकदा शहाणपणानं म्हणालो, की आक्का, तुमच्या पूजेतूनच हे आलं असणार, तर त्यांनी मला चांगलंच झापलं. "लिंग लिंग हाय, दगूड दगूड हाय. द्येव आन् दगूड एक करू नगंस. इतकी वर्सं पूजा करतोय, कळतंय मला."

जनावरांकडं त्या कशा वळल्या, हे त्यांनी एकदाच सांगितलं. अप्पांच्या दुकानामागं पोत्यांत एक धामण निघाली होती. गल्ली जमली, काठ्या आल्या. बिनविषारी, उंदीर खाणारी, दुकानाच्या फायद्याची धामण. "मी दारात उभा हुतो," आक्का म्हणाल्या. "समदं बघितलं. लई येळ लागतोय तिला मरायला. मी एक सबूद बोललो न्हाय. घरात आलो. मग खडा धरला. म्हटलं, ह्यो मारायच्या आधी त्या माणसांच्या हातात असता तर?"

त्यानंतर साप निघाला, माकडाला तारेचा झटका बसला, कुणाच्या विहिरीत कोल्हा पडला, की संभा पोवारच्या मोटारसायकलवर मागं बसून आक्का हजर. संभा उद्यमनगरात लेथवर काम करायचा. तिशीतला, दोन पोरांचा बाप, झुपकेदार मिशांचा, आणि साप धरण्यात शहरात त्याचं नाव होतं. तो जनावराकडं बघायचा आणि आक्का माणसांकडं. कमरेच्या पिशवीत पंधरा-वीस खडे असायचे.

बिद्रीच्या वाटेवर एका गावातला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. उसाचा फड तोडताना टोळीला पाचटात तीन पिल्लं सापडली. कुणीतरी ओरडलं, बिबट्याची पिल्लं! आम्ही पोचलो तेव्हा शे-दीडशे माणसं. एक पिल्लू कुणाच्या तरी सदऱ्यात गुंडाळलेलं, एकाची शेपटी पोरं ओढत होती, आणि कडेला कोयते घेऊन बापये आईची वाट बघत उभे. मी पिल्लं पाहिली. ती रानमांजराची होती, आठ-दहा दिवसांची. होती तिथंच ठेवून माणसं लांब गेली तर आई संध्याकाळी येऊन उचलून नेते. पण दीडशे माणसांना लांब कोण करणार?

आक्का सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसापाशी गेल्या. "पावणं, हात करा."

"काय हाय?"

"धरा तर. गरम झाला की मला परत आणून द्यायचा. तवर बोलायचं न्हाय. बोलला की गार पडतोय."

मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. असे पंधरा-वीस जण, सगळे कोयतेवाले आणि आवाजवाले. "ह्यानं काय हुतंय?" एकानं विचारलं. "बघा की काय हुतंय," आक्का म्हणाल्या. तेवढी माणसं गप्प झाली आणि बाकीची, ह्यांना काय झालं म्हणून गप्प झाली. त्या शांततेत सदऱ्यातलं पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. तोवर ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं. ज्यानं गुंडाळलं होतं त्यानंच उठून ते पाचटात ठेवलं. शेताच्या मालकानं टोळीला दुसऱ्या टोकापासून तोडायला सांगितलं आणि तो कोपरा न तोडता तसाच ठेवला. दिवस बुडायच्या सुमारास बांधावर पोटावर पडून आम्ही चौघा-पाचजणांनी पाहिलं, ती आली. एकेक करून तिन्ही नेली. त्या कोयतेवाल्यांपैकी एक माझ्या शेजारी होता. त्यानं आक्कांचा खडा परत दिलाच नाही.

हे सगळं पाहून माझ्यातला डॉक्टर अस्वस्थ झाला. मी ठरवलं, की हे तपासायचं. दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांपैकी काहींच्या हातात मी आक्कांचा खडा द्यायचो आणि काहींच्या हातात फुटक्या कडप्प्याचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा. मग स्टेथोस्कोप लावून कुत्र्याचे ठोके मोजायचो. दोन महिने हा उद्योग केला. मालक शांत झाला की कुत्रंही शांत व्हायचं, हे खरं निघालं. पण कडप्पा आणि स्फटिक यांत मला काडीचा फरक दिसला नाही.

विजयी चेहऱ्यानं मी मंगळवार पेठेत गेलो. आक्कांनी सगळं मन लावून ऐकलं, मधे चार प्रश्न विचारले. कुठली कुत्री, किती वेळ, कडप्पा गार होता का. मग खूश होऊन म्हणाल्या, "म्हंजे कुठला बी चालतोय! लई चांगलं झालं की."

"मग आता हे स्फटिक कशाला? कडप्पा वाटा."

"कडप्पा कोन धरंल, तम्मा?" आक्का म्हणाल्या. "चमकतंय ते धरत्यात लोक."

मला ते पटलं. मी विषय सोडून दिला. तो सोडायला नको होता, असं पुढं अनेकदा वाटलं.

खड्यावर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता हे मात्र मला एका दुपारी कळलं. रंकाळ्याच्या पलीकडं एका बांधकामावर घोणस निघाली. संभा ती पिशवीत घालत असताना ती वळली आणि त्याच्या बोटाला चावली. बांधकामावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं धावत जाऊन आपला काळा दगड आणला. हा जखमेवर ठेवला की विष शोषून घेतो, असं म्हणतात. सगळ्यांनी आक्कांकडं पाहिलं. दगडांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. आक्कांनी म्हाताऱ्याच्या हातातला दगड घेतला आणि वाळूच्या ढिगावर भिरकावला. "दगडानं ईख उतरत न्हाय! जीप काढा!" आपली खड्यांची पिशवी तिथंच टाकून त्या संभाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या.

मी पोचलो तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी प्रतिविषाची लस सुरू केली होती. संभा जगला, बोटाचं एक पेर तेवढं गेलं. मी शेजारी बसलो आणि राहवेना म्हणून विचारलं, "आक्का, तुम्ही त्याच्या हातात खडा दिला नाहीत?"

"संभ्याला भ्या वाटत असतं तर दिला असता. त्येला ईख चढलं हुतं."

"म्हणजे खडा फक्त भीतीवर?"

"मला काय म्हाईत? तू शिकल्याला. शोधून काढ की."

आक्कांना खडे आणून द्यायचा मारुती. शहराबाहेर डोंगराच्या अंगाला खडीची खाण होती, तिथं तो सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायचा. काळ्या कातळाच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांच्या आत हे स्फटिक वाढलेले असतात. पांढरे, हिरवट, क्वचित जांभळे. मारुती रुमालात बांधून आणायचा, ओट्यावर मांडायचा, आक्का निवडायच्या. चहा घेऊन तो जायचा. अबोल माणूस. दोन हजार सालानंतर आक्कांच्या खड्यांना मागणी वाढली होती. लोक परत देत नव्हते, आणि शिबिरवाल्या बायकाही त्यांच्याकडून घेऊन जायच्या. त्यातून जांभळे सगळ्यांनाच हवे असायचे.

एका हिवाळ्यात सकाळी दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. आक्का आणि मारुती उतरले. मारुतीच्या हातात पोतं होतं. त्यातून मी पिल्लू बाहेर काढलं. राखाडी अंगावर काळे पट्टे, मोठे कान, कुत्र्याच्या पिल्लाएवढं. तरसाचं पिल्लू मी तोवर हातात घेतलं नव्हतं. मागचा एक पाय दगडाखाली चिरडून नुसता लोंबत होता.

मी भूल देत होतो आणि मारुती भिंतीला टेकून सांगत होता. काल सांजच्याला सुरुंग उडवला. सकाळी दगड काढायला गेलो तर आवाज आला. दोन होती. एक दगडाखालीच गेलं.

"पण कुठं सुरुंग लावलात?" मी विचारलं.

"वरच्या अंगाला. जुन्या कड्यात."

"तिथलं काम तर बंद आहे ना? तिथं कशाला?"

मारुतीनं आक्कांकडं पाहिलं. त्याच्या आवाजात दोष देणं अजिबात नव्हतं, विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. "आक्कांनी जांभळं सांगितलं हुतं. जांभळं तिथंच घावत्यात."

माझ्या हातातली सुई थांबली. आक्का टेबलाच्या पलीकडं पिल्लाचं डोकं दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

"मारुती," त्या म्हणाल्या, "तिथं बीळ हाय ते म्हाईत हुतं तुला?"

"म्हाईत हुतं की. हाडं पडल्याली असायची भाईर."

"मग?"

"तरसच की आक्का ते," मारुती म्हणाला.

मी पाय कापला, शिवला, पट्टी बांधली. आक्कांनी पिल्लाच्या डोक्यावरचे हात हलवले नाहीत. मारुती मधेच उठून पाणी गरम करून घेऊन आला. सगळं झाल्यावर मी हात धूत होतो, तेव्हा आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या.

"तम्मा, दारात आल्याल्या समद्यांच्या हातात दिला. पोस्टमनच्या दिला. ह्येच्या हातात मी कंदी खडा दिला न्हाय रं."

"कुणाच्या?"

"मारुतीच्या. त्यो आणून देतोय म्हणून. त्येला काय द्यायचा, असं वाटलं."

मी साबण चोळत राहिलो.

पिल्लाची वनखात्यात रीतसर नोंद झाली. पाच आठवडे ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं. आक्का रोज यायच्या, रिकाम्या हातानं. दारापाशी स्टुलावर बसून बघायच्या. माझ्यावर प्रश्नांचा मारा चाललेला. हे किती दिवस दूध पितंय? आई शोधत असंल का? कुठवर शोधती? संभा आणि मारुती रोज आळीपाळीनं डोंगरावर जाऊन ठसे बघायचे. आठ दिवस मादीचे ठसे त्या ढिगाऱ्याभोवती फिरत होते, मग थांबले. तीन पायांचं पिल्लू आईविना रानात जगणार नव्हतं. परजिल्ह्यातल्या एका प्राणिसंग्रहालयातून जाळीची गाडी आली आणि ते गेलं. आक्का त्या दिवशी आल्या नाहीत.

त्या खाणमालकाकडं गेल्या होत्या. मला संभानं सांगितलं. मालक म्हणाला, "आक्का, त्या अंगाचा दगूड आमच्या काय कामाचा न्हाय. पोकळ हाय, खडी चांगली पडत न्हाय. तिथला सुरुंग फकस्त तुमच्यासारख्यांसाठी. तुमी घेऊ नगा, आमी लावत न्हाय."

"माझ्यासारखी आनी किती हाईत?" आक्कांनी विचारलं.

त्यानं नावं सांगितली. शहरातल्या शिबिरवाल्या बायका आणि एक-दोन व्यापारी. आक्का एकेकाच्या दारात गेल्या. एक बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तर रोज ध्यानात सगळ्या प्राण्यांना करुणा पाठवतो." आक्का म्हणाल्या, "पाठवू नगा. जाऊन बघून येऊया." आणि खरंच एका सकाळी अप्पांच्या दुकानाच्या टेम्पोत सात बायकांना बसवून त्या खाणीवर गेल्या. मारुतीनं बीळ दाखवलं, ढिगारा दाखवला, दुसरं पिल्लू कुठं पुरलं ते दाखवलं. दोघीजणी रडल्या. एकीनं विचारलं, की मग मिळालेले खडे शुद्ध कसे करायचे? तिघी पुन्हा कधी आक्कांशी बोलल्या नाहीत. व्यापाऱ्यांनी दुसरी खाण शोधली. पण त्या जुन्या कड्यावरचे सुरुंग थांबले. मारुतीची वरची कमाई गेली, तो कुरकुरला, आणि आक्कांनी ते निमूट ऐकून घेतलं. पावसाळ्यात खाण बंद असली की अप्पा त्याला दुकानात कामाला बोलवायला लागले.

मंगळवार पेठेत आता पाहुण्याला थेट चहा मिळायला लागला. उरलेले खडे खिडकीत ठेवलेले असायचे, पण त्या कुणाच्या हातात देत नव्हत्या. मी एकदा म्हणालो, की आहेत ते तरी वापरा, त्यांनी काय गुन्हा केलाय? "त्येंनी न्हाय," आक्का म्हणाल्या, "पर माणूस इचारतोय की, कुठं मिळतोय ह्यो?"

खड्यांशिवाय त्यांचं कसं होणार, याचं मला कुतूहल होतं. सुरुवातीला वाईट झालं. एका वस्तीवर त्या लोकांना समजावत होत्या आणि लोकांनी त्यांच्या डोळ्यांसमोर नाग मारला. मग कधीतरी, कुठल्याशा विहिरीवर कोल्हा काढायला गेलेल्या असताना, गर्दी ऐकेना तेव्हा त्यांनी त्या तरसाच्या पिल्लाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. 'कुणा एका बाईनं' असं नाही. मी. मी जांभळा मागितला, माझ्यासाठी सुरुंग लागला. संभा म्हणतो, की लोक एकदम चूप झाले. स्वतःचा गुन्हा एवढ्या मोठ्या आवाजात सांगणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. संभानं दोर सोडला आणि कोल्हा निवांत वर काढला.

दोन वर्षांनी मारुती स्वतःहून मंगळवार पेठेत आला. सुटी घेऊन, नवा सदरा घालून. जुन्या कड्याखाली तरसाचे ठसे दिसले होते आणि त्यात बारकेही होते. हे सांगताना तो इतका बोलला, की अप्पांनी पेपर खाली ठेवला.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदलीची ऑर्डर आली. सामान पुढं पाठवून मी एस.टी. स्टँडवर आलो होतो. शेजारच्या फलाटावर एका गाडीच्या खिडकीत आक्का दिसल्या. केस पूर्ण पांढरे, मांडीवर पिशवी. मी खिडकीखाली गेलो.

"कुठं निघालात, आक्का?"

"तुझ्या पेशंटला बघायला."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्या गाडीच्या पाटीवर प्राणिसंग्रहालयाच्या गावचं नाव होतं. तो मोठा नर झाला होता, तीन पायांवर चांगला फिरायचा, हे मी मधूनमधून फोन करून आक्कांना सांगत असे. जाऊन या म्हणून कितीदा सांगितलं होतं. त्या कधी गेल्या नव्हत्या.

"इतक्या वर्षांनी?"

"धाडस व्हईत नव्हतं रं." त्यांनी पदरानं खिडकीची दांडी पुसली. "तम्मा, एक सांग. लोक म्हणत्यात तरस हसतंय. खरं हाय?"

"आपल्याकडचं नाही हसत. फार आवाजच करत नाही ते."

"आसं." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "मला वळखंल का ते?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून माझ्या ओठांवर आलंही होतं. पण या बाईनं मला आजवर एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती.

"नाही, आक्का. नाही ओळखणार. फार लहान होतं ते."

त्यांनी मान हलवली. चेहरा हलका झाल्यासारखा वाटला. "बरं हाय. मग त्येच्याम्होरं निवांत हुभारता यील."

ड्रायव्हर चढला, गाडी मागं यायला लागली. मी हात हलवत बाजूला झालो. आक्कांच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई मांडीवर कोथिंबिरीची पाटी घेऊन अवघडून बसली होती. तिनं बहुतेक आक्कांना विचारलं असावं, कुणाला बघायला निघालाय म्हणून. कारण आक्का तिच्याकडं वळल्या आणि दोन्ही हातांनी, एवढं, एवढुसं, असं माप दाखवत बोलायला लागल्या. गाडी फाटकाशी वळली तेव्हा त्या बाईनं पाटी खाली पायांपाशी ठेवली होती आणि ती पूर्ण आक्कांकडं तोंड करून बसली होती.